स्कॉटलंड घेऊन खेळणाऱ्यांनी वाचावा असा राजा

राजा आणि कोळी ही गोष्ट माहीत नाही असा मराठी मुलगा शोधून सापडणार नाही. लढाई हरलेला राजा गुहेत लपून बसलाय. समोर एक कोळी जाळं विणायला धडपडतोय. सहा वेळा पडतो, सातव्यांदा त्याला जमतं. ते बघून राजाला हुरूप येतो, तो पुन्हा लढतो आणि जिंकतो. एम-थ्रीमध्ये तिसऱ्यांदा उडालेल्या मुलाला घरून फोनवर हमखास हीच गोष्ट ऐकवली जाते. त्या राजाचं नाव रॉबर्ट ब्रूस आणि देश स्कॉटलंड, हे मात्र सांगताना बहुधा गळून जातं.

मला हा माणूस पुन्हा भेटला तो गेममुळे. मेडिव्हल टू : टोटल वॉर हा गेम २००६ सालचा. २०२२ मध्ये तो मोबाईलवरही आला. जुन्या लॅपटॉपवर विनातक्रार चालतो आणि नेट नसलं तरी अडत नाही, त्यामुळे होस्टेलवर त्याला मरण नाही. यात स्कॉटलंड घेतलं की सुरुवातीला तुमच्याकडे एडिंबरा एवढं एकच ठिकाण असतं. वर इन्व्हरनेस आणि खाली यॉर्क, दोन्ही बंडखोरांच्या हातात. इंग्लंडकडे लंडन, नॉटिंगहॅम आणि समुद्रापलीकडे काएन. आमच्या विंगमध्ये कुणी स्कॉटलंड घेतलं की दोनच प्रकार बघायला मिळतात. एक तर पठ्ठ्या एडिंबऱ्यात सैन्य साठवत बसतो आणि विसाव्या टर्नला तिजोरीत खडखडाट. नाहीतर पहिल्याच दमात होतं नव्हतं ते सैन्य घेऊन नॉटिंगहॅमवर जातो, मैदानात एक लढाई हरतो आणि गेम संपल्यात जमा.

लहान फॅक्शनने सुरुवातीला हातपाय पसरायचे कसे, याचं उत्तर माझ्या मते ब्रूसच्या १३०६ ते १३१४ या आठ वर्षांत आहे. आणि ते कोळ्याच्या गोष्टीच्या जवळजवळ उलट आहे. सुट्टीत त्याच्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं, त्यातलं जे पक्कं वाटलं तेवढंच इथे देतोय. (गेम १०८० साली सुरू होतो, म्हणजे ब्रूस जन्मायला तिथे अजून जवळजवळ दोनशे वर्षं असतात. पण नकाशा तोच आणि शेजारीही तोच.)

ब्रूसचा जन्म ११ जुलै १२७४ चा. घराणं मूळचं नॉर्मन, म्हणजे फ्रान्सच्या किनाऱ्यावरून आलेलं. वडिलांकडून सरहद्दीजवळचा ॲनंडेल हा मुलूख आणि आईकडून पश्चिम किनाऱ्यावरचा कॅरिक. त्याशिवाय इंग्लंडमध्येही जमिनी. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवायची, कारण त्या काळच्या स्कॉटिश सरदारांचं अर्ध दुखणं इथेच होतं. एक पाय स्कॉटलंडच्या राजाकडे, दुसरा इंग्लंडच्या राजाकडे.

१२८६ च्या मार्चमध्ये स्कॉटलंडचा राजा तिसरा अलेक्झांडर वादळी रात्री घोड्यावरून निघाला आणि किंगहॉर्नजवळ पडून मेला. मुलं आधीच गेलेली. वारस उरली ती नॉर्वेतली छोटी नात मार्गारेट, आणि तीही १२९० मध्ये वाटेतच ऑर्कनी बेटांवर वारली. गादीवर हक्क सांगणारे तेरा जण पुढे आले, त्यांत आपल्या ब्रूसचे आजोबाही होते. निवाडा करायला बोलावलं कुणाला, तर इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डला. मांजरांच्या भांडणात माकडाला बोलवावं तसं. एडवर्डने आधी सगळ्यांकडून आपलं वर्चस्व कबूल करून घेतलं आणि मग १२९२ मध्ये जॉन बॅलियलला राजा केलं. चार वर्षांनी त्यालाही काढून टाकलं, बेरिक शहरात कत्तल केली, डनबारला स्कॉटिश सैन्य मोडलं आणि राज्याभिषेकाची शिळा उचलून लंडनला नेली.

या काळात ब्रूस काय करत होता? सरळ सांगायचं तर बाजू बदलत होता. १२९६ मध्ये ब्रूस घराणं एडवर्डच्या बाजूला होतं, कारण बॅलियल त्यांचा प्रतिस्पर्धी. १२९७ मध्ये तो बंडात सामील झाला आणि काही आठवड्यांतच शरण आला. १२९८ मध्ये फॉल्कर्कला विल्यम वॉलेस हरला. त्यानंतर ब्रूस आणि जॉन कॉमिन हे देशाचे पालक नेमले गेले, पण दोघांचं एकमेकांशी विस्तवही जाईना. १३०० मध्ये ब्रूस त्यातून बाहेर पडला आणि १३०२ मध्ये पुन्हा एडवर्डकडे गेला. त्याच वर्षी अल्स्टरच्या अर्लची मुलगी एलिझाबेथ हिच्याशी त्याचं लग्न झालं. १३०५ मध्ये वॉलेसला लंडनमध्ये हालहाल करून मारलं, तेव्हा ब्रूस एडवर्डच्या प्रजेतच मोडत होता. सिनेमावाल्यांनी यावर त्याला बरंच धुतलंय. मला तो तेवढा काळाकुट्ट वाटत नाही. जवळजवळ प्रत्येक मोठा सरदार हेच करत होता. पण त्याला जन्मजात देशभक्त म्हणायचं असेल तर ही दहा वर्षं झाकावी लागतात.

मग आली १० फेब्रुवारी १३०६. डंफ्रीसच्या ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये ब्रूस आणि कॉमिन भेटले. दोघांत काय बोलणं झालं ते ज्याने त्याने आपापल्या सोयीने लिहून ठेवलंय. एवढं खरं की वाद झाला, ब्रूसने वेदीजवळ त्याच्यावर सुरा चालवला आणि कॉमिन तिथेच मेला. पुढे कितीही मोठा राजा झाला तरी या गोष्टीचं समर्थन करता येत नाही. राजकीय हिशेबानेही हा सौदा महाग होता. एका फटक्यात पोपने त्याला धर्मबहिष्कृत केलं, इंग्लंड पेटलं आणि स्कॉटलंडमधलं सगळ्यात ताकदवान कॉमिन घराणं, त्यांचे सोयरे मॅकडूगल आणि बॅलियलचे पाठीराखे, सगळे वैरी झाले. आता मागे फिरायला वाट नव्हती. सहा आठवड्यांनी, २५ मार्चला, स्कून इथे त्याने राज्याभिषेक करून घेतला.

गेमच्या भाषेत बोलायचं तर पहिली टर्न, एक फॅक्शन, तिजोरी रिकामी, पोप विरोधात, चारी बाजूंनी लाल झेंडे. आणि अशा वेळी तो नेमकं तेच करून बसला जे आमच्या विंगमधले करतात. १९ जूनला मेथ्वेनजवळ इंग्रजांच्या ॲमर द व्हॅलन्सने त्याच्या छावणीवर अचानक हल्ला करून सैन्याची वाताहत केली. उरलेल्यांना डॅलरायला मॅकडूगलांनी झोडपलं. राज्याभिषेकाला तीन-चार महिने होतात न होतात तोच राजाकडे मूठभर माणसं उरली.

घरच्यांचे हाल वाचवत नाहीत. भाऊ नील पकडला गेला आणि मारला गेला. बायको एलिझाबेथ, पहिल्या लग्नाची मुलगी मार्जरी आणि बहीण मेरी, तिघी इंग्रजांच्या हाती लागल्या. मार्जरी तेव्हा जेमतेम दहा वर्षांची. मेरीला रॉक्सबरोच्या किल्ल्यात पिंजऱ्यात ठेवलं. बकनची काउंटेस इझाबेला हिचा गुन्हा एवढाच की तिने ब्रूसच्या डोक्यावर मुकुट ठेवला. तिला बेरिकला लाकडी-लोखंडी पिंजऱ्यात चार वर्षं ठेवलं. १३०७ च्या फेब्रुवारीत थॉमस आणि अलेक्झांडर हे आणखी दोन भाऊ लॉख रायनला उतरताना पकडले गेले आणि कार्लाइलला मारले गेले. वर्षभराच्या आत तीन भाऊ. गेममध्ये वंशावळीतली चित्रं एकेक करून काळवंडत जातात ना, तसं. फक्त इथे आधीचा सेव्ह लोड करायची सोय नव्हती.

ब्रूसने तो हिवाळा पश्चिमेकडच्या बेटांवर कुठेतरी काढला. कोळी म्हणतात तो इथला. पण हा कोळी बराच उशिरा आला. सुमारे १३७५ मध्ये जॉन बार्बर याने ब्रूसवर मोठं काव्य लिहिलं, त्यात बारीकसारीक हकिगती आहेत, कोळी नाही. ब्रूस आणि कोळी ही जोडी घराघरांत नेली ती वॉल्टर स्कॉटने, १८२८ मध्ये, नातवासाठी लिहिलेल्या पुस्तकातून. म्हणजे पाचशे वर्षांनी.

कोळी खोटा म्हणून मला काही वाईट वाटत नाही. मला त्याचं तात्पर्य खटकतं. कोळी तेच जाळं, तीच उडी, सात वेळा करतो. ब्रूसने तसं केलं असतं तर १३०७ मध्येच त्याचं मुंडकं लंडनच्या पुलावर लागलं असतं. बेटांवरून परत आलेला माणूस पूर्वीसारखा लढत नाही, हीच खरी बघण्यासारखी गोष्ट आहे. सरंजामी पद्धतीने सैन्य गोळा करून, निशाणं फडकावून, मैदानात समोरासमोर उभं राहायचं, हे त्याने सोडूनच दिलं.

१३०७ च्या सुरुवातीला तो स्वतःच्या कॅरिकमध्ये उतरला. सैन्य नाहीच, टोळी म्हणावी एवढी माणसं. डोंगरात राहायचं, रात्री हलायचं, सापडायचं नाही. मे महिन्यात लाउडन हिलला त्याने पहिली ठरवून लढाई दिली, आणि ती आपल्या सिव्हिलच्या पोरांनी मुद्दाम बघावी. रस्ता एका कोरड्या पट्ट्यावरून जात होता, दोन्ही बाजूंना दलदल. पट्टा तरीही रुंदच होता. ब्रूसने दलदलीपासून रस्त्याच्या दिशेने चर खणून घेतले, एकामागे एक तीन रांगा, आणि मधे अरुंद वाट सोडली. समोरचं सैन्य कितीही असो, एका वेळी तेवढ्या फटीतूनच येणार. भालेवाल्यांनी पहिली रांग थोपवली, मागचे घोडे पुढच्यांवर आदळले आणि व्हॅलन्स माघारी गेला. माणसं वाढवता येत नव्हती, तर त्याने मैदानच लहान केलं.

त्यानंतर दोन महिन्यांनी, ७ जुलै १३०७ ला, पहिला एडवर्ड सरहद्दीवर मोहिमेतच मेला. हे निव्वळ नशीब. दुसरा एडवर्ड थोडा पुढे आला आणि घरची भांडणं निस्तरायला परत गेला. आता एखादा खेळाडू काय करेल? इंग्लंड कमजोर झालंय, चला यॉर्कवर! ब्रूसने इंग्लंडकडे पाठ केली आणि तो उत्तरेला निघाला.

माझ्या मते त्याच्या आयुष्यातला हा सर्वांत हुशार निर्णय. त्याचे तीन शत्रू घरातच होते : पश्चिमेला मॅकडूगल, ईशान्येला बकनचा अर्ल जॉन कॉमिन (मारलेल्या कॉमिनचा नातलग, नाव तेच) आणि वर उत्तरेला रॉसचा अर्ल. तिघे एकदम आले असते तर संपलंच होतं. म्हणून त्याने एकेकाला वेगळं काढलं. मॅकडूगलशी तात्पुरता तह केला. वाटेत इन्व्हरलॉखी, इन्व्हरनेस, अर्कर्ट हे किल्ले घेतले. रॉसशी पुढच्या जूनपर्यंतचा तह केला. मग सगळं बळ एकट्या बकनवर. मधल्या हिवाळ्यात तो एवढा आजारी पडला की त्याला उचलून न्यायची वेळ आली, तरी १३०८ मध्ये इन्व्हररीला बकनचं सैन्य मोडलं. त्यानंतर मॅकडूगलांना ब्रँडरच्या खिंडीत गाठलं. वर डोंगर आणि खाली तळं अशी ती जागा. मॅकडूगल उतारावर दबा धरून बसले होते, पण जेम्स डग्लसने आपली माणसं त्यांच्याही वर चढवून ठेवली होती. रॉसचा अर्ल वारं ओळखून १३०८ च्या ऑक्टोबरमध्ये शरण आला, आणि ज्याने ब्रूसची बायको-मुलगी पकडून इंग्रजांना दिली होती त्याच माणसाला ब्रूसने माफ करून जमिनी परत दिल्या. मला हे जमलं नसतं. मार्च १३०९ मध्ये सेंट अँड्र्यूजला त्याने पहिली संसद भरवली, तेव्हा फोर्थच्या उत्तरेचा बहुतेक मुलूख त्याच्याकडे होता. शेजाऱ्याच्या मुलखात पाऊल टाकण्याआधी त्याने घरातल्यांशी हिशेब मिटवला होता.

याची किंमत बकनच्या लोकांनी मोजली. कॉमिनांचा आधार कायमचा तुटावा म्हणून ब्रूसने तो सगळा मुलूख जाळला. शेतं, गुरं, घरं, काही शिल्लक ठेवलं नाही. विरोध करतील त्यांना मारलं. तिथले लोक पन्नास वर्षांनीही त्या जळिताबद्दल हळहळत असत, असं बार्बरसारखा त्याचा भक्तसुद्धा लिहून जातो. गेममध्ये शहर जिंकल्यावर तीन बटणं येतात आणि आपण हिशेब करून त्यातलं एक दाबतो. बकनमध्ये राहणारे शेतकरी ब्रूसचीच प्रजा होते, इंग्रज नव्हते. हे वाचल्यावर ते शेवटचं बटण दाबताना हात थोडा थांबतो, एवढं मात्र खरं.

किल्ल्यांची गोष्ट याहून वेगळी आहे. आपल्याकडे किल्ला म्हणजे जीव की प्राण, त्यामुळे आपल्याला हे चमत्कारिक वाटेल. ब्रूस किल्ला घ्यायचा आणि पाडून टाकायचा. तट फोडायचा, विहीर बुजवायची, निघून जायचं. कारण साधं होतं. प्रत्येक किल्ल्यात शिबंदी ठेवायला माणसं आणि पैसे लागतात, ते त्याच्याकडे नव्हते. आणि रिकामा किल्ला इंग्रजांनी परत घेतला तर तिथून आजूबाजूच्या पन्नास गावांवर राज्य करता येतं. म्हणजे जे आपल्याला धरून ठेवता येत नाही ते शत्रूच्याही उपयोगाचं राहता कामा नये. गेममध्ये किल्ला जमीनदोस्त करायचं बटणच नाही. तिथे फार तर आतल्या इमारती पाडून थोडे पैसे सोडवता येतात. तरी तत्त्व तेच. दहा ठिकाणी दोन-दोन तुकड्या ठेवणाऱ्याकडे लढायला सैन्य उरत नाही.

शिवाय किल्ले घ्यायला त्याच्याकडे यंत्रं नव्हती. एडवर्डने १३०४ मध्ये स्टर्लिंगवर अजस्र दगडफेकी यंत्र उभं केलं होतं. तसलं काही ब्रूसला परवडणारं नव्हतं. त्याच्या माणसांनी दोरीच्या शिड्या बनवल्या. दोन दोर, मधे पाय ठेवायला फळ्या, वर लोखंडी आकडा. तो आकडा लांब भाल्याच्या टोकाने तटावर अडकवायचा आणि चढायचं. बेरिकला १३१२ च्या डिसेंबरात या शिड्या लागल्याही होत्या, पण एक कुत्रं भुंकलं आणि सगळा बेत फसला. पुढच्याच महिन्यात पर्थला मात्र जमलं. वेढा उठवल्याचं सोंग करून तो निघून गेला, आठवड्याभराने रात्री परत आला, आणि राजा स्वतः भाल्याने खोली चाचपत गळ्यापर्यंतच्या थंडगार पाण्यातून खंदक ओलांडून शिडीवर चढला, असं बार्बर सांगतो. लिनलिथगोला गवताची गाडी दरवाजात आडवी घालून फाटक बंदच होऊ दिलं नाही. रॉक्सबरोला १३१४ च्या फेब्रुवारीत, सणाच्या रात्री, डग्लसची माणसं काळी घोंगडी पांघरून गुरांसारखी रांगत तटापर्यंत गेली. एडिंबऱ्याचा उभा कडा मार्चमध्ये थॉमस रँडॉल्फने चढला. वाट दाखवली विल्यम फ्रान्सिस नावाच्या माणसाने. तरुणपणी किल्ल्यावर राहत असताना तो गावातल्या एका मुलीला भेटायला रात्री त्याच वाटेने उतरायचा. गनिमी कावा आपल्याला शिकवायला नको, पण होस्टेलची भिंत ओलांडणाऱ्यांना या फ्रान्सिसबद्दल खास आपुलकी वाटेल.

हा रँडॉल्फ ब्रूसचा भाचा. मेथ्वेननंतर तो इंग्रजांना मिळाला होता, डग्लसने त्याला पकडून आणलं, आणि ब्रूसने थोडे दिवस कोंडून ठेवून मग त्याला आपला उजवा हात केलं. माणसं कमी असली की असंच करावं लागतं.

पैसा कुठून आणला? उत्तर इंग्लंडमधून. १३११ पासून दर थोड्या दिवसांनी नॉर्थंबरलंड आणि डरहॅमवर स्वाऱ्या होऊ लागल्या. मुलूख जिंकायचा नाही, फक्त खंडणी घ्यायची आणि ठराविक मुदतीचा तह लिहून द्यायचा. मुदत संपली की पुन्हा वसुली. या स्वारांचं लॉजिस्टिक्स तर अफलातून होतं. १३२७ च्या मोहिमेत इंग्रजांकडून आलेल्या जाँ ल बेल याने लिहून ठेवलंय की प्रत्येकाकडे खोगिराखाली एक लोखंडी पत्रा आणि मागे ओटच्या पिठाची पिशवी असे. कुठेही थांबायचं, पत्रा तापवायचा, भाकरी थापायची. मांस शत्रूच्या गुरांचं. गाड्या, भटारखाना, सामान काही नाही. समोरचं इंग्रज सैन्य गाड्यांची वाट बघत चिखलात उपाशी बसलेलं.

एवढं सगळं झाल्यावर मग बॅनकबर्न. तेही त्याने मागितलेलं नव्हतं. भाऊ एडवर्ड ब्रूस स्टर्लिंगला वेढा घालून कंटाळला आणि किल्लेदाराशी परस्पर करार करून बसला, की २४ जून १३१४ पर्यंत इंग्रज सैन्य आलं नाही तर किल्ला द्यायचा. म्हणजे इंग्लंडच्या राजाला निमंत्रणच. सात वर्षं जे टाळलं ते गळ्यात आलं. आकड्यांबद्दल एकमत नाही, पण इंग्रज निदान दुपटीने होते आणि त्यांच्याकडे जड घोडदळ होतं. ब्रूसने जागा निवडली. रस्त्यावर खड्डे खणून झाकून ठेवले. पहिल्या दिवशी हेन्री द बोहन नावाचा सरदार त्याला एकटा गाठून भाला रोखून आला. ब्रूस लहानशा घोड्यावर होता, त्याने ऐनवेळी बाजूला होऊन कुऱ्हाडीचा घाव घातला. कुऱ्हाडीचा दांडा मोडला, बोहन मेला. शौर्य म्हणून ठीक, पण तो पडला असता तर सात वर्षांचं काम एका मिनिटात गेलं असतं. त्याच्या सरदारांनीही त्याला हेच सुनावलं. गेममध्ये जनरलला पुढे घालणाऱ्यांनी विचार करावा.

दुसऱ्या दिवशी इंग्रज दोन ओढ्यांच्या मधल्या ओलसर, चिंचोळ्या जागेत अडकले. ब्रूसने फॉल्कर्कचा धडा नीट गिरवला होता. तिथे वॉलेसचे भालेवाले गोल करून एका जागी उभे राहिले आणि तिरंदाजांनी त्यांना टिपून मारलं. इथे ब्रूसचे भालेवाले घट्ट रांगांनी पुढे सरकले. आणि इंग्रज तिरंदाज बाजूला येऊन बाण मारू लागताच कीथच्या पाचशेएक हलक्या घोडेस्वारांनी त्यांना उधळून लावलं. हे घोडेस्वार नेमके त्यासाठीच राखून ठेवले होते. गेममध्येही स्कॉटलंडचे पाइकवाले समोरून भिंतीसारखे असतात, मारतात ते बाजूचे बाण. दोन घोडेस्वार तुकड्या फक्त तिरंदाजांसाठी राखा, फरक दिसेल. दुसरा एडवर्ड डनबारला पळाला आणि तिथून बोटीने घरी गेला. पकडलेल्या सरदारांच्या बदल्यात एलिझाबेथ, मेरी आणि मार्जरी परत आल्या. आठ वर्षांनी. दहा वर्षांची मुलगी अठराची होऊन आली. पुढे तिचाच मुलगा १३७१ मध्ये राजा झाला, पण ते बघायला ती राहिली नाही. सुटकेनंतर दोन-तीन वर्षांतच ती गेली.

त्याच नोव्हेंबरात कँबसकेनेथच्या संसदेत ठरलं की जे अजून इंग्लंडच्या बाजूला आहेत त्यांच्या स्कॉटलंडमधल्या जमिनी कायमच्या गेल्या. दोन दगडांवर पाय बंद. धोरण बरोबर होतं, पण त्यातून वतनं गमावलेल्यांची एक पिढी इंग्लंडमध्ये वाट बघत बसली. ब्रूस गेल्यावर तीनच वर्षांनी, १३३२ मध्ये, ते बॅलियलच्या मुलाला पुढे करून जहाजांतून उतरले आणि डप्लिनला त्यांनी स्कॉटिश सैन्य कापून काढलं.

ब्रूसची एकच मोठी मोहीम फसली, आणि ती नेमकी ताकद आल्यावर. १३१५ मध्ये एडवर्ड ब्रूस आयर्लंडमध्ये उतरला. तिथे इंग्लंडविरुद्ध दुसरी आघाडी उघडायची आणि भावाला एक राज्यही मिळवून द्यायचं, असा दुहेरी बेत. पण ते साल युरोपभरच्या महादुष्काळाचं. पाऊस थांबेना, पीक कुजलं. लुटून खाणाऱ्या सैन्याला लुटायलाच काही नव्हतं. १३१७ मध्ये राजा स्वतः जाऊन आला, डब्लिनपर्यंत पोचला, घेता आलं नाही. १३१८ च्या ऑक्टोबरात फॉगर्टला एडवर्ड मारला गेला. चौथा भाऊ. जी पद्धत ओळखीच्या मुलखात चालली ती परक्या आणि उपाशी मुलखात चालली नाही.

बेरिक मात्र १३१८ च्या एप्रिलमध्ये हाती आलं, आणि इथे त्याने आपलाच नियम मोडला. हे शहर पाडलं नाही, राखलं, कारण ते मोठं व्यापारी बंदर होतं. १३१९ मध्ये इंग्रजांनी वेढा घातला. त्यांनी तटाखाली सुरुंग लावायला छप्पर असलेलं एक चाकांचं यंत्र आणलं. आत जॉन क्रॅब नावाचा फ्लेमिश कारागीर होता. बार्बरच्या वर्णनाप्रमाणे आतल्या दगडफेकी यंत्राचा पहिला दगड पलीकडे गेला, दुसरा अलीकडे पडला, तिसऱ्याने छपराचं तुळईसकट भुस्कट केलं. मग क्रॅबने क्रेनने जळते भारे त्यावर सोडून ते पेटवून दिलं. इकडे रँडॉल्फ आणि डग्लस वेढा सोडवायला आलेच नाहीत. ते सरळ यॉर्कशायरमध्ये घुसले आणि मायटनला तिथली जमवाजमव उधळली. वेढा घालणाऱ्यांना आपल्या घराची काळजी लागली, ते उठून गेले.

पुढचं थोडक्यात. पोपचं प्रकरण तलवारीने सुटणारं नव्हतं, तिथे लेखणी लागली. १३२० मध्ये आर्ब्रोथहून स्कॉटिश सरदारांच्या नावाने पोपला पत्र गेलं. १३२२ मध्ये इंग्रज पुन्हा आले तेव्हा ब्रूसने लोदियनमधली गुरं-धान्य हलवून मुलूख रिकामा करून ठेवला. ते उपाशी परतले आणि ब्रूस त्यांच्या मागोमाग यॉर्कशायरपर्यंत गेला. १३२३ मध्ये तेरा वर्षांचा तह, १३२६ मध्ये फ्रान्सशी मैत्री. १३२७ मध्ये दुसऱ्या एडवर्डला त्याच्याच लोकांनी गादीवरून काढलं, आणि १३२८ मध्ये एडिंबरा-नॉर्थंप्टनच्या तहाने इंग्लंडने स्कॉटलंडचं स्वातंत्र्य आणि ब्रूसचं राजेपण मान्य केलं. त्यासाठी स्कॉटलंडने वीस हजार पौंड द्यायचे आणि चार वर्षांच्या राजपुत्र डेव्हिडचं इंग्लंडच्या राजकन्येशी लग्न, असं ठरलं.

तोवर राजा आजारी होता. शेवटची वर्षं त्याने क्लाइड नदीजवळ कार्ड्रॉसला साध्या वाड्यात काढली. तो किल्ला नव्हता. ७ जून १३२९ ला तो गेला, वय पंचावन्नला महिनाभर कमी. धर्मयुद्धावर जायचं राहून गेलं म्हणून त्याचं हृदय काढून डग्लसबरोबर पाठवलं. डग्लस १३३० मध्ये स्पेनमध्ये तेबाच्या लढाईत पडला. हृदय परत आणून मेलरोजच्या मठात पुरलं, शरीर डनफर्मलिनला. १८१८ मध्ये डनफर्मलिनला जुन्या चर्चच्या जागी बांधकाम चालू असताना कामगारांना शिशात गुंडाळलेला एक सांगाडा सापडला. त्याच्या छातीचं हाड उभं कापलेलं होतं.